नवी पिकअप घ्यायची आहे, गिअरची घेऊ की ऑटोमॅटिक? (तासगाव)

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

तासगाव तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. निम्मा माल खायचा जातो, निम्म्याचा बेदाणा करतो. घरची पिकअप अकरा वर्षांची, एमएच १० पासिंग, दोन लाख साठ हजार किलोमीटर झालेत. तिसरी क्लच प्लेट चालू आहे आणि तीही आता घसरायला लागलीय. चढाला ॲक्सिलेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी आहे तेवढीच चालते. यंदाच्या हंगामाआधी नवी घ्यायचं ठरलंय.

पण घाई गाडीमुळं नाही, आप्पांमुळं आहे. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ६४. गेली पस्तीस वर्षं मालाची गाडी तेच चालवतात. फेब्रुवारीत कोल्ड स्टोरेजबाहेर रांग होती. पासष्ट कॅरेट भरलेली गाडी, थोडासा चढ, दर दोन-तीन मिनिटांनी एक गाडी पुढं सरकायची. मी मागून मोटरसायकलवर आलो आणि खिडकीतून आत बघितलं. आप्पा डाव्या मांडीखाली हात घालून पाय उचलत होते आणि क्लचवर ठेवत होते. गाडी हातभर पुढं गेली, थांबली, परत तोच हात मांडीखाली. मी दिसल्यावर त्यांनी हात काढून स्टेअरिंगवर ठेवला. घरी कुणीच काही बोललं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी डाव्या गुडघ्याची गादी झिजल्याचं सांगितलंय. जिने आणि क्लच दोन्ही कमी करा म्हणाले. म्हणून ऑटोमॅटिकचा विचार डोक्यात आला.

काम असं आहे. हंगामात रोज कोल्ड स्टोरेज किंवा व्यापाऱ्याकडं, १२ ते १३ क्विंटल. बेदाणा निघाला की तासगाव आणि सांगलीचा बाजार. वर्षभर खतं, औषधं, शेणखत. शिवाय महिन्यातून दोन खेपा कराड, पाटण, कुंभार्ली घाट करून चिपळूणला. बजेट बारा लाखांपर्यंत. अगदीच गरज पडली तर कर्ज वाढवू.

ऑटोमॅटिक पिकअप लोडला आणि घाटाला चालते का? कुणी प्रत्यक्ष वापरलीय का? ऐकीव नको, अनुभव सांगा.


लालपरी३०

द्राक्षवेल, तुमच्या आप्पांना माझा नमस्कार सांगा. मांडीखाली हात घालायची वेळ माझ्यावरही आलेली आहे, म्हणून पहिल्यांदा तेच लिहितो.

एसटीत तीस वर्षं चालक होतो, त्यातली बरीच कराड-चिपळूण मार्गावर. कुंभार्ली मला पाठ आहे. तुमच्या कामात एक गोष्ट उलटी आहे, तिच्याकडं लक्ष द्या. तुमची गाडी भरलेली असते तेव्हा कोयनेकडून पोफळीकडं उतरते. परत येताना रिकामी चढते. म्हणजे ओढायची ताकद किती हा तुमच्यापुढचा प्रश्नच नाही. तेरा क्विंटल माल पाठीवर घेऊन गाडी उतारावर धरून ठेवायची कशी, हा आहे.

आमच्या वेळी नव्या चालकाला सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. दोन्ही बाजूंना सारखा लोड असेल तर हे बरोबर. पण तुमच्यासारखा माणूस रिकामी गाडी तिसऱ्यात चढवतो आणि भरलेली तिसऱ्यातच उतरवायला बघतो. मग चौथ्या वळणापासून ब्रेकवर पाय. ड्रम तापतात, लायनरचा वास सुटतो, पेडल दगडासारखं घट्ट लागतं तरी गाडी ओढत नेते. ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं, ते उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. भरलेली पिकअप कुंभार्लीला दुसऱ्यात उतरली पाहिजे, आणि गिअर घाटाच्या तोंडालाच टाकला पाहिजे. मध्ये वेग वाढल्यावर टाकायला गेलात तर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहते. त्यासारखं वाईट काही नाही.

हे सगळं हातात असतं ते गिअरच्या गाडीत. माझं मत गिअरची घ्या, आणि घाटाला दुसरा माणूस चालवू द्या.


पसरणी

लालपरी काका, आदर ठेवून असहमत.

मी वाईचा. पाचगणीला थोडी स्ट्रॉबेरी आहे आणि दोन खोल्या पाहुण्यांसाठी भाड्यानं देतो. दोन वर्षांपासून ऑटोमॅटिक पिकअप वापरतोय, जुनी घेतलेली. मे महिन्यातल्या शनिवारी पसरणी घाट कुणी चढला असेल त्याला सांगायला नको. बुवासाहेब मंदिराच्या वळणापासून पुढं गाड्या नुसत्या मुंगीसारख्या. आधीच्या गिअरच्या गाडीत अशा एका दिवसात माझी पिंडरी दगड व्हायची आणि केबिनमध्ये जळका वास भरायचा. आता ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढं सरकते, मागं येत नाही. मागच्या टुरिस्ट गाडीच्या बंपरची धास्ती नाही.

उताराचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात मीही चुकलो. डी मध्ये ठेवून उतरायला लागलो. गाडी आपणच वरचा गिअर घेते आणि पळते, आणि मी ब्रेकवर. वाईत उतरेपर्यंत पुढच्या चाकांजवळ हात धरवत नव्हता. मग एका जाणत्यानं दाखवलं की लिव्हर बाजूला ओढून एम मध्ये, म्हणजे मॅन्युअलला, घ्यायचं आणि दुसरा गिअर लावून ठेवायचा. आता गिअर माझ्याच हातात असतो, फक्त पाय मोकळा. काका, तुमचा नियम ऑटोमॅटिकलाही जसाच्या तसा लागू आहे. तो पाळायला क्लच लागत नाही.


कराडचा पाना

मी मिस्त्री. रोज दोन-तीन गिअरबॉक्स उतरवतो, त्यामुळं माझं बोलणं उघडलेल्या मालावरून आहे.

पहिलं म्हणजे आप्पांची क्लच प्लेट. तिसरी चालू म्हणता. ८० ते ९० हजारात एक, लोडच्या गाडीला हे वाईट नाही. पण मी पैज लावून सांगतो की प्लेट उतरवली तर प्रेशर प्लेटवर निळे डाग असतील. तो निळा रंग उष्णतेचा. रांगेत, चढावर, गाडी मागं जाऊ नये म्हणून हाफ क्लचवर धरली की असे डाग पडतात. बऱ्याचदा चालकाची चूक नसते, पाय दुखत असतो. पूर्ण दाबून धरवत नाही आणि पूर्ण सोडताही येत नाही, म्हणून पाय मध्येच राहतो. गाडीचं क्लच बघून मी चालकाचा गुडघा ओळखतो.

दुसरं म्हणजे ऑटोमॅटिक हा शब्द लोक दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि इथंच फसतात.

एक असतं एएमटी. त्यात गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच प्लेटही नेहमीचीच. फक्त तुमच्या पायाऐवजी एक यंत्र क्लच दाबतं आणि गिअर टाकतं. छोट्या कारमध्ये स्वस्तात मिळतं ते हे. चढावर ॲक्सिलेटरवर गाडी धरून ठेवली तर यातही प्लेट तशीच जळते.

दुसरं टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलानं भरलेला एक डबा असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक चालू करा, त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो, तसं. वाऱ्याच्या जागी तेल. मध्ये अजून एक छोटं चाक असतं, ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतं आणि गाडी हलताना इंजिनचा जोर वाढवून देतं. म्हणून लोड घेऊन चढावर सुटताना ही गाडी झटका देत नाही आणि झिजायला मध्ये प्लेट नसते. वेग आला की आतलं लॉकअप बसतं आणि सरळ जोड होतो. जुन्या ऑटोमॅटिक ॲव्हरेजला मार खायच्या, तो फरक नव्या सहा गिअरवाल्यांत बराच कमी झालाय.

याचा शत्रू म्हणजे तापलेलं तेल. नवं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लालभडक असतं. जास्त तापलं की तपकिरी होतं आणि करपल्याचा वास येतो. लोडची आणि घाटाची गाडी असेल तर मी ६० हजारांच्या आसपास बदला म्हणतो, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. क्लच सेट बदलायला दहा-बारा हजारांत गिऱ्हाईक मोकळं होतं. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर लाखाच्या पुढं विषय जातो, आणि कराडात तो उघडणारी माणसं अजून बोटावर मोजण्याइतकी आहेत. मीही उघडत नाही, पुण्याला पाठवतो.

ऑटोमॅटिक लोडला कमजोर असते हे मात्र डोक्यातून काढा. टोयोटा हायलक्स पिकअपचं २.८ लिटर इंजिन एकच आहे. गिअरच्या गाडीत ते ४२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, देतं, ऑटोमॅटिकमध्ये ५००. गिअरबॉक्सला झेपेल तेवढाच जोर कंपनी इंजिनातून सोडते. इसुझू व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटरला दोन्हीकडं ३६० आहे.


द्राक्षवेल

पाना भाऊ, निळ्या डागांचं वाचून पोटात कसंतरी झालं. गेल्या वेळी क्लच उतरवलं तेव्हा मिस्त्रीनं मला तो डाग दाखवला होता आणि म्हणाला होता की तुमच्या घरात कुणीतरी पाय ठेवून गाडी चालवतंय. मी आप्पांना बोललो होतो. तेव्हा गुडघ्याचं माहीत नव्हतं.

पसरणी भाऊ, तुमच्या गाडीत माल किती बसतो?


पसरणी

स्ट्रॉबेरी हलकी, पनेटच्या (छोट्या प्लॅस्टिक डब्यांच्या) पेट्या. वजनाचा प्रश्न मला कधी आला नाही. पाहुण्यांचं सामान, गॅस सिलिंडर, भाजी. तेरा क्विंटल मी कधी भरलेलं नाही, खोटं सांगणार नाही.


सोलरवाला

सांगली, विश्रामबाग. माझ्याकडं व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक आहे. शेतातले सौरपंप बसवतो आणि दुरुस्त करतो. हौद्यात हत्यारं, पाईप, केबल, फार तर दोनशे-अडीचशे किलो. दिवसाला जत, आटपाडी, खानापूर असं फिरणं, सोबत चार माणसं. या कामाला या गाडीसारखी गाडी नाही.

पण तुम्हाला मी घ्या म्हणणार नाही, कारण प्रश्न गिअरचा राहतच नाही. व्ही-क्रॉस किंवा हायलक्स या पाच माणसांच्या गाड्या, मागं हौदा. त्यांची भारक्षमता काही शे किलो. तुम्हाला लागतं टनात. बोलेरो पिकअपच्या वेगवेगळ्या मॉडेलांत सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत मिळतं, आणि त्या गिअरच्या. शेतकऱ्याला परवडणारी, टनाच्या वर माल नेणारी ऑटोमॅटिक शोधायला मी स्वतः सहा महिने घातले होते, दुसरी गाडी म्हणून. हाताला काही लागलं नाही. किमतीचं म्हणाल तर तुमच्या बारा लाखांत नवी व्ही-क्रॉस बसत नाही.

तरी आप्पांना एकदा चालवून बघायची असेल तर रविवारी या. गाडी देतो.


माणगंगा

मी म्हसवडकडची, दूध संकलनाची पिकअप स्वतः चालवते. रोज पहाटे साडेचारला निघते, अठरा गावं. गिअरचीच गाडी आहे.

द्राक्षवेल दादा, सगळे गाडीबद्दल बोलतायत, मी सीटबद्दल बोलते. माझ्या सासऱ्यांना हाच त्रास होता. ते सीट मागं सरकवून बसायचे. क्लच तळापर्यंत दाबायला पाय पूर्ण ताणला जायचा, वर कंबरही उचलायची. सीट दोन खाचा पुढं घेतली, खाली तीन इंचाची घट्ट उशी दिली, तेव्हा गुडघा थोडा वाकलेला असतानाच क्लच तळाला लागायला लागला. जोर मांडीवर आला, गुडघ्यावरचा गेला. मिस्त्रीकडून पेडलचा प्लेही नीट करून घेतला. क्लच पार वर आल्यावर सुटत होता, तो खाली आणला. यानं गुडघा बरा झाला नाही. त्यांचे रात्रीचे कळवळणे मात्र थांबले.

दुसरं, त्यांना चढता-उतरताना जास्त दुखायचं. केबिन उंच, आणि उतरताना डावा पाय आधी खाली टाकला की सगळं वजन त्याच्यावर. चालकाच्या बाजूला लोखंडी पायरी जोडून घेतली आणि दाराच्या आत मूठ बसवली. वेल्डिंगवाल्यानं सहाशे रुपये घेतले.

एक विचारते. आप्पांना गाडी चालवायचीच आहे का? तुम्ही त्यांना विचारलंय?


नुसता वाचक

पिवळ्या पाटीची गाडी चालवायला वेगळं लायसन्स लागतं ना? आप्पांचं आहे का ते बघा आधी.


इर्विन पूल

नुसता वाचक, तो विषय मिटलाय. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. पिकअप त्यात येते. पिवळ्या पाटीला फिटनेस मात्र लागतो, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

आता माझं म्हणणं. आमचं घर कृष्णेच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमची गिअरची पिकअप दोन दिवस पाण्यात होती. नंतर मिस्त्रीनं गिअरबॉक्सचा नट सोडला तर दुधाचा चहा ओतावा तसं ऑइल बाहेर आलं. हवा जायला वर जे छोटं तोंड असतं तिथून पाणी आत गेलेलं. तीन वेळा नवं ऑइल भरून, थोडी फिरवून, परत काढून टाकलं. चौथ्या वेळी साफ निघालं. ती गाडी आजही चालते. शेजाऱ्यांची ऑटोमॅटिक कार तशीच बुडाली होती. गिअर बदलणाऱ्या आतल्या प्लेटांचं अस्तर पाण्यानं सुटलं आणि गिअरबॉक्स गेला.

आणखी एक, बॅटरी बसली तर गिअरची गाडी चार माणसांनी ढकलून दुसऱ्यात चालू होते. ऑटोमॅटिक होत नाही. बंद पडली तर मागची चाकं जमिनीवर ठेवून दोर बांधून टोचन करता येत नाही, तेलाचा पंप इंजिनवर चालतो. उचलून न्यावी लागते. रात्री पाटणच्या पुढं ती उचलणारी गाडी कुठून आणायची?


पसरणी

बॅटरीचं मान्य, टोचनाचं मान्य. पण पूर सगळ्यांच्या दारात येत नाही, आणि रोज दोनशे वेळा क्लच दाबणं रोजचं आहे. माणसाचा पाय गाडीपेक्षा महाग आहे.


लालपरी३०

पसरणी भाऊ, शेवटच्या वाक्यासाठी तुमच्याशी वाद नाही. मला निवृत्तीनंतर दोन्ही गुडघ्यांना पट्टे लागले. आमच्या जुन्या गाड्यांचा क्लच म्हणजे विहिरीवरचा रहाट ओढण्यासारखा होता. तेव्हा पायाचा विचार करायचा असतो हेच कुणी सांगितलं नाही. एम मध्ये घेऊन दुसरा गिअर राहतो हे मला माहीत नव्हतं, ते तुमच्याकडून कळलं. लॉकअप सुटलं तर उतारावर पकड कमी होत असेल का? पाना, सांगा.


कराडचा पाना

काका, होते थोडी. लॉकअप उघडं असेल तर तेलातून जोड असतो, थोडी निसटते. पण एम मध्ये खालच्या गिअरला बऱ्याच गाड्या लॉकअप धरून ठेवतात. इंजिनचे फेरे बघायचे. ॲक्सिलेटर सोडलेला असताना काटा अडीच-तीन हजारांवर उभा असला की इंजिन गाडी धरतंय. काटा हजारावर आणि गाडी पळतेय, म्हणजे धरत नाही. फेरे जास्तच वाढत असतील तर ऑटोमॅटिक खालचा गिअर घेतच नाही, म्हणून तुमचा नियम परत तोच, घाटाच्या तोंडाला.


द्राक्षवेल

उशिरा लिहितोय, माफ करा. छाटणीची गडबड होती.

रविवारी सोलरवाला दादांकडं गेलो होतो. गाडी काढून दिली, वर घरी चहा-पोहे. त्यांचे मनापासून आभार. आप्पांनी मिरज रस्त्यानं दंडोबाच्या पायथ्यापर्यंत चालवली.

पहिल्याच चौकात आप्पांनी सवयीनं डावा पाय क्लच समजून दाबला. तिथं ब्रेकचं रुंद पेडल. गाडी जागेवर थांबली, मी पुढच्या काचेकडं गेलो, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला. दादांनी सांगितलं, डावा पाय मागं घ्या, सीटखाली टाच लावून ठेवा, तो पाय आज घरी आहे असं समजा. पुढची दहा मिनिटं आप्पांच्या डाव्या पायाची बोटं चपलेत हलत होती, मला दिसत होती. नंतर शांत झाली. डोंगराजवळच्या चढावर त्यांनी मुद्दाम गाडी उभी केली, ब्रेक सोडला, गाडी तसूभर मागं आली नाही. आप्पा हसले. परत येताना म्हणाले, "पाय आहे हे आठवलंच नाही रे."

मला वाटलं झालं, ठरलं. कर्जाचा आकडा मनात मांडायला लागलो होतो.

विश्रामबागेत उतरल्यावर आप्पा मागं गेले. फाळका पाडला आणि हौद्यात वितीनं मोजायला लागले. लांबी, रुंदी, चाकांवरचे उंचवटे. म्हणाले, "वीस कॅरेट. फार तर बावीस." घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री जेवताना सांगितलं, "एका खेपेच्या तीन खेपा होतील. दुपारच्या उन्हात तिसरी खेप वजनकाट्यावर जाईल तेव्हा मणी गळायला लागलेले असतील."

माणगंगा ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न मग मी विचारला. हंगामात गाडी तुम्हालाच चालवायची आहे का? त्यांनी बराच वेळ भाकरी कुस्करली. म्हणाले, "गाडी कोण का चालवेना. काट्यावर मी पाहिजे. कॅरेट उतरताना मी तिथं नसलो की वजनात घट धरतात आणि पोरं हो म्हणून येतात. गाडी मी चालवतो कारण त्याशिवाय मला कुणी सोबत नेत नाही."

हे शेवटचं मला लागलं. खरं आहे ते. आम्ही पोरं पहाटे गाडी भरून निघायचो तेव्हा त्यांना झोपू द्या म्हणायचो.


माणगंगा

दादा, डोळ्यात पाणी आलं वाचून. पायरी आणि मूठ चालकाच्या बाजूला नको आता, दुसऱ्या बाजूला बसवा.


कराडचा पाना

आणि शेजारच्या सीटवर बसताना डावा पाय दाराकडं येतो, उतरताना आधी तोच खाली जातो. त्यांना सांगा, दोन्ही हातांनी मूठ धरून सावकाश उलटं उतरायचं.


पसरणी

मी शेवटपर्यंत ऑटोमॅटिकची बाजू लढवणार होतो, पण कॅरेटचा हिशोब मला मान्य आहे. टनाची ऑटोमॅटिक परवडेल अशी आली की हा धागा परत वर काढा. जुनी पिकअप मात्र विकू नका असं सुचवतो. क्लच घालून ठेवा, हंगामात दुसरी गाडी लागतेच.


द्राक्षवेल

काल बुकिंग केलं. दीड टनाच्या वरची, गिअरची, पिवळी पाटी. पसरणी भाऊ, जुनी ठेवतोय. बागेत शेणखत आणि डबे ओढायला, क्लच सेट घालून, सीटखाली उशी देऊन. रिकामी गाडी बांधापर्यंत आप्पा चालवतील, त्यावर त्यांनी अडून बसून परवानगी घेतलीय.

नवी गाडी पुतण्या चालवणार. वय २३, हात चांगला आहे, रस्त्यावर शहाणा आहे. पण भरलेली गाडी घेऊन त्यानं घाट उतरलेला नाही. आत्तापर्यंत चिपळूणला आप्पाच जायचे. लालपरी काका, तुम्ही मागं लिहिलं होतं ते मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. मान हलवतो, पण वाचून कळण्यातली गोष्ट नाही ही.


लालपरी३०

गाडी कधी मिळणार? मिळाली की पहिल्या भरलेल्या खेपेला मला कळवा. सकाळी सात वाजता कोयनानगरला एसटी थांब्याजवळ उभा राहतो. हेळवाकच्या पुढं घाट सुरू व्हायच्या आधी गाडी बाजूला घ्यायची, चारही चाकांना हात लावून बघायचं, गार आहेत ना. मग दुसरा गिअर, आणि पोफळीपर्यंत तो काढायचा नाही. मी त्याच्या शेजारी बसतो. पोफळीत उतरून परत चारही चाकांना हात लावायला लावीन, म्हणजे ब्रेक किती लागला ते त्याच्या तळहाताला कळेल.

आप्पांनाही आणा.


द्राक्षवेल

काका, केबिनमध्ये तिघं बसतात. आप्पा मध्ये, तुम्ही दाराशी. पुढच्या महिन्यात दहा तारखेनंतर गाडी मिळेल म्हणालेत. आपला नंबर मला निरोपातून पाठवा. बेदाण्याची एक पेटी तुमच्यासाठी बाजूला काढलीय, नाही म्हणू नका.